लटारूची हजेरी

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा जामटोल्याच्या लोकांना फरक एवढाच पडला की कचेरीच्या कामासाठी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, घालायचे खेटे गडचिरोलीला घालावे लागू लागले. पक्षाचं मात्र तसं नव्हतं. जिल्हा नवा म्हणून जिल्ह्याची शाखा नवी, आणि शाखा नवी म्हणून सदस्यांची यादी नवी. या कामाला चामोर्शीचा गुणवंत सायकल हाणत गावोगाव फिरत होता. वकिलीची परीक्षा देऊन बसलेला, चष्मेवाला, सरळ मनाचा पोरगा. पँटच्या पायांना सायकलच्या साखळीचं वंगण लागलेलं असायचं आणि त्याचं त्याला भान नसायचं.

एका रविवारी तो जामटोल्याच्या विहारात आला. सभा भरली. त्याने जुनी यादी उघडली, चष्मा वर सरकवला आणि खूश होऊन म्हणाला, “इथले लटारू दुर्गे कोण? गेल्या पाच वर्षांत एक सभा चुकलेली नाही त्यांची. अख्ख्या तालुक्यात असा सदस्य नाही. गडचिरोलीच्या मेळाव्यात आपण त्यांचा सत्कार करणार आहोत.”

म्हातारे अध्यक्ष बापूराव कान खाजवू लागले. कुणी खिडकीकडे पाहिलं, कुणी सतरंजीचा सुटलेला धागा ओढत बसलं.

“ते नाईत जी,” बापूराव शेवटी म्हणाले.

“बाहेरगावी गेलेत का?”

“नाई जी. ते वारले. पाच साल झाले.”

आता इथे जामटोल्याची बाजू सांगायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की हे लोक लबाड होते. लबाड नव्हते, भिडस्त होते. आणि भिडस्त माणूस जेवढे घोटाळे करतो तेवढे लबाडालाही साधत नाहीत.

लटारू दुर्गे हा शाखेतला सगळ्यात जुना सदस्य. छप्पन साली दीक्षेला पायी चांद्याला गेला होता आणि तेव्हापासून जो पक्षाचा झाला तो झालाच. पद म्हणाल तर काही नाही. सभेआधी सतरंजी घालायची, सभा उठली की झटकून घडी करायची, मोर्चा निघाला की झेंड्याची काठी खांद्यावर घ्यायची. बोलायचा कमी. पाच वर्षांपूर्वी आश्विनात त्याचा हिवताप डोक्यात चढला आणि बैलबंडी चामोर्शीला पोचायच्या आतच तो गेला.

त्यानंतरची पहिली सभा. जामटोल्याची रीत अशी की आधी वंदना, मग हजेरी, मग विषय. विषय नसला तरी चालेल, पण हजेरी चुकायची नाही. बापूरावांनी सवयीने नावं पुकारली आणि पुकारता पुकारता तोंडातून निघून गेलं, “लटारू सोमा दुर्गे.” म्हाताऱ्याला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात बायांच्या बाजूने आवाज आला, “हाव जी.”

लटारूची बायको बायनाबाई पाण्याचा पितळी गुंड कमरेवर घेऊन दाराशी उभी होती. सतरंजीही त्या दिवशी तिनेच घातली होती. तिच्या तोंडातून ते आपसूक निघालं होतं. बापूरावांनी मान खाली घातली आणि पुढचं नाव घेतलं. पुढच्या सभेला हे नाव गाळायचं कुणी, असा प्रश्न आला. तो सोडवण्यापेक्षा नाव पुकारणं सोपं होतं. मग पाच वर्षं लटारूचं नाव पुकारलं जात होतं आणि बायनाबाई “हाव जी” म्हणत होती. लटारूची वर्गणी म्हणून पायलीभर धानही ती न चुकता आणून टाकी.

गुणवंतने हे सगळं ऐकून घेतलं. तो रागावला नाही. चष्मा काढून पुसत बसला आणि मग हळू आवाजात म्हणाला, “बाई, हे नाव काटावंच लागेल. नव्या यादीत जिवंत माणसं पाहिजेत. पण तुम्ही स्वतः सदस्य व्हा ना. अवघड काही नाही. सभेपुढे स्वतःच्या तोंडाने सांगायचं की मला पक्षात यायचंय, वर्गणी द्यायची, आणि शाखेतल्या एका सदस्याने तुम्हाला सुचवायचं. मग नाव यादीत चढतं. पुढच्या रविवारी मी येतोच आहे.”

जामटोल्यात तोवर एकही बाई सदस्य नव्हती. बाया मोर्चाला होत्या, भाकरी बांधायला होत्या, घोषणा द्यायला तर त्यांचाच आवाज मोठा होता, पण यादीत नव्हत्या. का नव्हत्या, हे आता कुणी विचारत नव्हतं.

“मले नोको जी,” बायनाबाई म्हणाली. “त्याइचंच राहू द्या.” आणि रिकामा गुंड उचलून ती चालती झाली.

तो आठवडा धानकापणीचा होता. बायनाबाई आणि तिची शेजारीण रुखमा एकाच बांधीत, धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, कापत होत्या. रुखमाच्या जिभेला हाड नव्हतं, पण मन चांगलं होतं. दोन दिवस तिने कशीबशी कळ काढली. तिसऱ्या दिवशी विळा बांधावर ठेवून सरळ विचारलं, “तुले सदस्य व्हाचं हाय का नाई, एवढं सांग.”

बायनाबाईने पेंढी बांधली. दुसरी बांधायला घेतली. मग म्हणाली, “मनातून लय हाय वं. म्हणून तं लाज वाट्टे.”

“लाज कायची?”

“पयले पयले त्याइच्यासाठी ‘हाव’ म्हणत होती मी. वाटे, कोणी बोललं नाई तं ते खरंच गेले असं होईल. पन मंग, रुखमा, मले माह्यासाठीच म्हणावं वाटे. सभा कवा हाय, याची वाट पाहू लागली मी. आता त्याइले काटून माहं नाव लिवलं, तं त्याइच्या ताटातलं उचलून खाल्ल्यावानी होईल.”

रुखमासारख्या बाईनेही यावर नुसता बांधावरचा विळा उचलला. बायनाबाईला मात्र बोलून मोकळं वाटायच्या ऐवजी जास्तच जड वाटू लागलं. एवढी वर्षं उराशी धरलेलं दुःख हळूहळू आपलंच सुख होऊन बसलं होतं, हे तिला मान्य करवत नव्हतं. लटारूला सोडायचं नव्हतं आणि सतरंजीवरची ती जागाही सोडायची नव्हती. रविवारी यातलं एक हातचं जाणार, एवढंच तिला दिसत होतं.

रविवार उजाडला. बायनाबाई सतरंजी घालायला म्हणून विहारात गेली आणि नेहमीसारखी दाराशी उभी राहिली. दुपारच्या उन्हात माणसं कापणी टाकून आली होती, अंगाला धानाचं कूस चिकटलेलं होतं. गुणवंतने आधी जुनी यादी स्वच्छ करायला घेतली. गाव सोडून गेलेल्या दोघांची नावं काटली. मग पेन लटारूच्या नावावर आलं आणि तिथे थांबलं. त्याने वर पाहिलं.

“थांबा जी,” बायनाबाई म्हणाली.

ती दारातून आत आली. सतरंजीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“मले पक्षात याचं हाय. पयले माहं नाव लिवा. मंग त्याइचं काटा.”

“लिहितो ना बाई,” गुणवंत म्हणाला. “पण आधी काय, नंतर काय, सारखंच आहे.”

“सारखं नाई. मले त्याइनंच सुचवलं हाय. तुमी काटसान, मंग ते सदस्य राहणार नाई.”

सभेत कुजबुज झाली. बापूराव समजुतीच्या स्वरात म्हणाले, “बायनाबाई, मी सुचवतो ना तुले. लटारू आता कसा सुचवंल?”

“आता नाई जी, ते होते तवाच सुचवलं होतं. मीच म्हटलं होतं त्याइले, आमाले घेत नाई काय पक्षात, इचारून पाहा. त्याइनं इथीच उभं राहून इचारलं होतं, का माह्या बायकोले सदस्य करा. सारे हासले होते. तुमीबी हासले होते, भाऊ. घरी येऊन त्याइनं मले सांगितलं आन् भाकर नाई खाल्ली त्या दिवशी.”

बापूरावांना आठवलं. आठवलं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. माणूस मोठा नव्हता, पण त्या क्षणी मोठेपणाने वागला. त्याने डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “हाव. सुचवलं होतं लटारूनं. हासलो होतो आमी. गुणवंतभाऊ, लिवून घ्या.”

गुणवंतने कायद्याची पुस्तकं वाचली होती, पण असलं प्रकरण त्यात कुठे नव्हतं. त्याने लटारूच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “यादीत नाव आहे तोवर सदस्य आहेत. आणि सूचना सभेत झालेली आहे. ठीक आहे बाई. फक्त सुचवणाऱ्याचं नाव तुमच्या तोंडाने सांगा.”

आणि इथे सगळं अडलं. जामटोल्याने दीक्षा घेतली तेव्हा देव्हारे गेले, उपास गेले, अंगात येणं गेलं. पण नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये, ही रीत बायांनी कुठल्या पदरात बांधून आणली होती कोण जाणे, ती तेवढी राहिली होती. लेकीच्या नावाने सीताचे बाप, नाहीतर घरचे, ते, हे. एवढ्यावर बायनाबाईचा सगळा संसार झाला होता. तो जिवंत असताना तिने कधी नाव घेतलं नाही आणि तो गेल्यावर घ्यायचं कारण पडलं नाही. पाच वर्षं नाव पुकारलं बापूरावांनी, तिने फक्त “हाव” म्हटलं होतं.

रुखमा मागून पुटपुटली, “मी सांगू का?”

बायनाबाईने मान हलवली. पदर डोक्यावर नीट घेतला. ओठ दोनदा हलले आणि आवाज फुटला नाही. कुणी हसलं नाही.

“लटारू,” ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “लटारू सोमा दुर्गे.”

किती वर्षांचं तोंडात धरलेलं नाव ते. ते बाहेर पडताना तिलाच नवल वाटल्यासारखं झालं, इतकं ते सोपं होतं आणि इतकं गोड. गुणवंतने नव्या यादीत तिचं नाव लिहिलं, आणि समोर सुचवणाऱ्याचं. लिहिलेलं वाचून दाखवलं. मग जुनी यादी पुढे ओढली आणि पेन हातात धरून तसाच बसला. आता ते त्याच्यानेही होईना.

“आता काटा जी,” बायनाबाईनेच सांगितलं. “सरळ रेघ मारा.”

त्याने सरळ रेघ मारली. बायनाबाई होती तिथेच सतरंजीवर बसली आणि लटारू गेला त्या दिवशीही आलं नव्हतं एवढं रडू तिला आलं. रुखमा उठून तिच्याजवळ जाऊन बसली, पण उगी उगी म्हणाली नाही. बाहेर बांध्यांमध्ये धान कापायचं पडलं होतं, तरी तिचं रडून होईपर्यंत सभेतून कुणी उठलं नाही.