सेतूनं पत्ते दाखवले नाहीत

चेन्नईला मी तीन वर्षं होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. इंजिनियर कंपनी, हुद्दा हवालदार, काम बोटींचं. लाइनी, म्हणजे आमच्या बराकी, सेंट थॉमस माउंटच्या बाजूला. साडेपाचला रोल कॉल, सहाला पीटी, आठला बोट शेड. माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्या ओढ्याला वर्षातले आठ महिने पाणी नसतं, आणि फौजेनं मला नेमका बोटीवर घातला. दोन महिने शिव्या घातल्या, मग शिकलो.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक सेतुमाधवराव होता. आम्ही सेतू म्हणायचो. त्याचं घर मैलापूरला, देवळाच्या तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून. घरी मराठी बोलायचे, पण तंजावरची, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची असावी अशी. भरतीच्या फॉर्मवर त्यानं मातृभाषा मराठी लिहिली म्हणून तो आमच्यात आला. पहिल्या दिवशी माझ्यासमोर सावधान उभा राहून म्हणाला, "उस्ताद, मी येऊन पोंचलों. काय करूं, सांगा."

लान्स नाईक जाधव शेजारी उभा होता. कराडकडचा गडी, तोंडाला लगाम नाही. तो म्हणाला, "हा कुठल्या नाटकातनं आला?"

सेतूला राग आला नाही. त्याला राग येताना मी कधी पाहिलाच नाही, आणि खरं सांगतो, त्याचा मला कधीकधी राग यायचा. पुढं तो आणि जाधव एकाच बोटीवर गेले. सेतू इंजिनवर, जाधव पुढं दोर आणि वल्हं घेऊन. दिवसभर भांडायचे आणि लंगरात एका ताटात जेवायचे.

रविवारी दुपारी आम्ही पत्ते खेळायचो. सेतूचा एक चुलत भाऊ कॉम्प्युटर कंपनीत होता. परदेशात जाऊन आला तो पोकर शिकून. त्यानं सेतूला शिकवलं, सेतूनं आम्हाला. दोन पत्ते हातात, पाच खाली उघडे. ज्याला दम आहे त्यानं बोली वाढवायची, ज्याला नाही त्यानं पत्ते टाकायचे. आम्ही तीनपत्तीवाले, त्यामुळे पत्ते टाकण्याला आमच्यात 'पॅक' म्हणायचे, तेच पोकरलाही चालू ठेवलं. पैसे लावायला लाइनीत बंदी. सापडला तर हुद्दा गेला. म्हणून आगपेटीच्या काड्या लावायचो.

सेतू वाईट पत्त्यांवरही बेधडक बोली वाढवायचा. निदान आम्हाला तसा संशय होता. खात्री कधी झाली नाही. कारण सगळे पॅक झाले की तो काड्या ओढून घ्यायचा आणि आपले दोन पत्ते पालथेच गड्डीत सरकवायचा. मी पहिल्यांदा विचारलं, "काय होतं रे तुझ्याकडे?"

तो म्हणाला, "पुसूं नका, उस्ताद."

मी म्हणालो, "मी कुठं पुसतोय? हात कोरडे आहेत माझे."

नुकतीच भजी खाल्ली होती. मला वाटलं, तेलकट हात पत्त्यांना पुसू नका म्हणतोय. तो हसायला लागला. मग त्यानं समजावलं की त्यांच्या घरात पुसणं म्हणजे विचारणं. जाधव आठवडाभर मला चिडवत होता. हातात फडकं घेऊन यायचा आणि म्हणायचा, "उस्ताद, एक पुसू का?"

पत्ते दाखवण्यावरून मात्र त्या दोघांचं खरंच वाजायचं. जाधवचं म्हणणं, जिंकलास ना, मग दाखव की मर्दा. मर्दानं लपवायचं कशाला? सेतूचं म्हणणं, जो काड्या घालून शेवटपर्यंत उभा राहिला, त्याला पाहण्याचा हक्क. जो मधेच पॅक झाला त्याला नाही. जाधव मग हट्टानं काड्या घालायचा, आणि पाचातल्या तीन वेळा सेतूकडे चांगले पत्ते निघायचे. मी कधी शेवटपर्यंत गेलो नाही. सेतूनं बोली वाढवली की मी पॅक. त्याचा चेहरा बघून मला वाटायचं, ह्याच्याकडे असणारच.

त्या वर्षी नोव्हेंबरात पाऊस थांबेना. अड्यार नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. सकाळी सातला सिव्हिलकडून, म्हणजे सरकारी कचेरीकडून, मागणी आली आणि साडेआठला आमचा कॉलम, मदतीची तुकडी, निघाला. दोन बोटी, एक कॅप्टन साहेब, मी आणि अकरा जवान. रस्ता संपतो तिथं उतरण्याची जागा केली. साहेबांनी मला बोटींवर नेमलं. बोट किती फेऱ्या मारणार, कोण जाणार, पेट्रोल किती, सगळं माझ्या हुकमावर.

दुपारपर्यंत काम नेमानं चाललं. वॉकीटॉकीवर मी वन, सेतूची बोट टू. प्रत्येक फेरीला मी पेट्रोल विचारायचो आणि सेतू नेमका आकडा सांगायचा. "टू फॉर वन. हाफ टँक. ओव्हर." रेडिओवर तो कधी फापटपसारा बोलला नाही.

तेरा चाळीसला मी साहेबांना रिपोर्ट देऊन परत आलो तर जाधव काठावर उभा. पायाशी पेट्रोलनं भरलेला जेरीकॅन.

"तू इथं कसा?"

"उस्ताद, शाळेच्या गच्चीवर नऊ जण आहेत. भिंत हललीय. सेतू एकटाच गेला. म्हणाला, तू आणि कॅन उतरलात तर दोन माणसांची जागा होते."

"आणि पेट्रोल?"

"म्हणाला, पुरतं. ओतायला वेळ नाही."

मी सेट उचलला. "वन फॉर टू. पेट्रोल बोल. ओव्हर."

खरखर झाली. मग सेतूचा आवाज आला. "पुसूं नका, उस्ताद. येतों. ओव्हर."

आकडा नाही. सकाळपासून सात फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी आकडा दिला आणि आता नाही. मला त्याच क्षणी कळलं. टाकीत जाण्यापुरतं आहे, येण्यापुरतं नाही, आणि हे त्याला ठाऊक आहे. मी हुकूम देऊ शकत होतो. 'परत ये, कॅन घे, मग जा.' त्यात चाळीस मिनिटं गेली असती. भिंत तेवढी टिकली असती का, कोण जाणे. पण हुकूम माझा होता. माझा अंगठा सेटच्या बटनावर होता.

मी म्हणालो, "रोजर. आउट."

दुसरी बोट दहा मिनिटांनी आली. तिची माणसं उतरवून कॅन ओतला आणि मी आणि जाधव स्वतः निघालो. शाळेच्या अलीकडे दोनशे मीटरवर सेतूची बोट दिसली. इंजिन बंद. बोटीत नऊ माणसं. बोट धारेला लागू नये म्हणून सेतू पाण्यात उतरला होता. दोर त्यानं रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला बांधला होता आणि स्वतः छातीभर पाण्यात खांबाला धरून गाठीवर हात ठेवून उभा होता.

मी ओरडलो, "सेतू, हात दे!"

"आधीं त्यांस घ्या, उस्ताद."

आम्ही त्याची बोट आमच्या बोटीला बांधली. जाधवनं दोर सोडवून घेतला. माणसं बसल्या जागी राहिली, कुणी उठलं नाही, हे चांगलं झालं. मी बोट खांबाकडे वळवत होतो, तेवढ्यात वरून लग्नाच्या मांडवाचा बांबूचा सांगाडा वाहत आला. मोठा होता. तो खांबावर आदळला. सेतू खाली गेला. पुन्हा वर दिसला नाही. वेळ चौदा पंचवीस.

जाधवनं दोनदा उडी मारली. दुसऱ्यांदा मी त्याला कॉलर धरून वर ओढला, कारण बोटीत नऊ माणसं होती. सेतू दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. रेडिओ लॉग समोर आला. लॉग लिहिणारा सिग्नलमन नागपूरकडचा. सेतू मराठीत बोलला म्हणून त्यानं आपल्या समजुतीनं इंग्रजीत लिहिलं होतं की पेट्रोल लाइन भिजली आहे, पण पुसायची गरज नाही, येतो, असं सांगतो आहे. ऐकणाऱ्याला बरोबरच वाटेल असं होतं ते. पावसात भिजलेलं इंजिन बंद पडलं, कुणाची चूक नाही.

मेजर साहेबांनी मला विचारलं, "हवालदार माने, लॉग बरोबर आहे?"

मी म्हणालो, "'पुसू नका', शब्द हेच होते, सर."

जाधवकडे मी बघितलं नाही. त्यानंही माझ्याकडे बघितलं नाही. त्या शब्दाचा अर्थ त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होता. मी मनाची समजूत घातली की हे सेतूसाठी आहे. रेडिओवर पेट्रोलचा आकडा लपवला असं त्याच्या कागदावर यायला नको. तेही खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. लॉगचा खरा अर्थ निघाला असता तर पुढचा प्रश्न मला आला असता. तुला कळलं होतं, तर 'रोजर' का म्हणालास?

तेराव्याला मी मैलापूरला गेलो. सेतूचे वडील, अप्पा, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी एकच विचारलं. "माने, त्यास ठाऊक होतें का?"

मी म्हणालो, "नाही अप्पा. इंजिन अचानक बंद पडलं."

त्यांनी मान हलवली आणि मला कॉफी दिली. ती मी तशीच ठेवून निघालो.

नंतर माझं पोस्टिंग बदललं. चार वर्षं मी देशभर फिरलो. पत्ते सोडले. कुणी खेळत असलं तर उठून जायचो. या काळात मी स्वतःशी भांडलो ते एवढ्यावरच. सेतू तर जिंकला होता. नऊच्या नऊ माणसं काठाला लागली. जिंकलेल्याचे पत्ते उलटून बघायचा कुणाला हक्क आहे? मला नव्हता, मी पॅक झालो होतो. कोर्टालाही नव्हता, असं मी ठरवून टाकलं. पण अप्पांचं काय? त्या माणसानं आपला एकुलता एक मुलगा दिला होता. त्यांच्यापेक्षा जास्त कुणी घातलं होतं? आणि त्यांनी सरळ विचारलं होतं. त्यांना मी खोटं सांगितलं, आणि सेतूच्या आडून स्वतःचेच पत्ते झाकले. एवढं कळायला मला चार वर्षं लागली. मी मंदच आहे तसा.

पेन्शनीचे कागद झाले आणि गावी जाण्याआधी मी चेन्नईची गाडी धरली. बायकोला म्हणालो, दोन दिवसांत येतो. सकाळी दहाला त्यांच्या दारात उभा राहिलो. अप्पा थकले होते. मला बघून म्हणाले, "या, माने. युनिफॉर्म नाहीं?"

"रिटायर झालो, अप्पा. एक सांगायचं राहिलंय."

मी उभ्यानंच सांगितलं. रिपोर्ट देतात तसं. जेरीकॅन, रेडिओ, त्याचे शब्द, त्याचा अर्थ. त्याला ठाऊक होतं. मला कळलं होतं. मी त्याला थांबवलं नाही. कोर्टात गप्प बसलो आणि तुमच्याशी खोटं बोललो.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नऊ जणांस सोडून तो परतला असता का, तुम्हीं हुकूम दिला असता तर?"

"माहीत नाही, अप्पा. मी दिला नाही, म्हणून कधी कळणारही नाही."

ते "होय" म्हणाले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मी त्यासाठी गेलोही नव्हतो. मग त्यांनी आतल्या दाराकडे हात केला. सेतूची आई तिथं येऊन उभी होती. कधीपासून, मला माहीत नाही.

अप्पा म्हणाले, "हिला ऐकूं येत नाहीं आतां. पुन्हा सांगा. मोठ्यानें सांगा."

परेडला माझा आवाज अख्ख्या ग्राउंडला जायचा. त्या दिवशी तो फुटेना. आई जवळ आली, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी पहिल्यापासून सुरुवात केली. ती म्हणाली, "मोठ्यानें." मी आवाज चढवला. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण ती आत गेली नाहीत. मी ओरडून सांगितलं, "आई, त्याला ठाऊक होतं. पेट्रोल पुरणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि मलाही."

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. डोळे कोरडे होते. माझे नव्हते.

ती म्हणाली, "तो भिऊन गेला कीं न भितां?"

हा प्रश्न मला कोर्टानं विचारला नव्हता, अप्पांनी नाही, मी स्वतःलाही नाही. मी आठवून बघितलं. रेडिओवरचा आवाज, खांबापाशी उभा असलेला तो.

मी म्हणालो, "न भिता, आई."

ती म्हणाली, "लहानपणीं पाण्यास फार भीत असे तो. तळ्याच्या पायरीवरसुद्धां उतरत नसे." आणि मग ती रडायला लागली.