भावोजींचा निराश संगणक

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या भावोजींइतका निराश माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि त्यांना त्याचा अभिमानही होता. पेणला त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती, रोह्याला शाखा. वाटेत गडबला चहाला थांबले की ते चहावाल्याची खालची पापणी ओढून बघत आणि "रक्त नाही" म्हणून सुस्कारा टाकत. माझ्या लग्नात सगळे नवरीचं रूप पाहत होते, हे तिची नखं. नव्वदच्या दशकात त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्याला रिपोर्टवरून निदान सुचवायला शिकवू लागले. रक्तात हे इतकं वाढलं, ते इतकं उतरलं, तर रोग कोणता, असे शेकडो नियम त्यांनी स्वतः रचून त्यात भरले. दुर्दैवाने नियमांबरोबर स्वभावही भरला गेला. साध्या अशक्तपणालाही मशीन 'ताबडतोब मुंबईला हलवा' असं छापायचं. धरमतरचा एक मिठागरवाला ते ऐकून म्हणाला, "डाक्टर, मंग मी हितवर चालत कसा आलो?" रोह्याचे डॉक्टर तर मशीनचं पान फाडून उरलेला रिपोर्ट वाचत. "कुणाचा विश्वास नाही," भावोजी समाधानाने म्हणायचे.

मग ताईचे पाय सुजू लागले. भावोजींनी तिचं रक्त स्वतः काढलं, तपासलं, आकडे मशीनला दिले. मी शेजारीच होतो. मशीनने सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत.

"चूक आहे," भावोजी म्हणाले. "हा नियम मी फार कडक लिहिलाय."

त्यांनी क्रिएटिनिनची मर्यादा थोडी वर सरकवली. उत्तर तेच. मग युरियाची सरकवली, मग हिमोग्लोबिनची खाली आणली. त्या दुपारी मी त्यांना पहिल्यांदाच आशा धरताना पाहिलं, आणि ते बघवत नव्हतं. शेवटी पडद्यावर 'काळजीचं कारण नाही' उमटलं. ताई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"झाले मी बरी?" तिने विचारलं. "चला, आता जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी ते तिला मुंबईला घेऊन गेले. पुढे डायलिसिससाठी दोघं जात राहिली, जमलं तोवर.

ताई गेल्यावर भावोजींनी कॉम्प्युटर पुन्हा लावला नाही. वाईट रिपोर्ट निघाला की ते स्वतः बाहेर येतात, बाकावर पेशंटच्या शेजारी बसतात, कागद मांडीवर उलटा ठेवतात आणि आधी विचारतात, "सोबत कोण आलंय?"