मिठाचं पाणी

मला शिकवायची भारी हौस. माहेरी ती धाकट्या भावंडांवर भागवली, लग्नानंतर नवऱ्यावर भागवून पाहिली, आणि कुवेतला आल्यावर शेजारच्या भाभी सापडल्या. त्या हौसेपायी माझा अडीच वर्षांचा मुलगा हातचा जाणार होता. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

साठीच्या दशकाची सुरुवात होती. शहरातली जुनी मातीची घरं पाडून रुंद रस्ते काढत होते आणि आमचं घर पाडायचं राहून गेलं होतं. मधे चौक, एका अंगाला आमच्या दोन खोल्या, समोर भाभींच्या. माझे यजमान तेल कंपनीच्या कचेरीत कारकून. भाभी रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान, त्यांच्या यजमानांचं बाजारात मसाल्याचं दुकान. भाभींना चार मुलं, मराठी चौथीपर्यंतची शाळा आणि घासाघीस करण्यापुरतं फर्मास अरबी. मला अरबीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. पण मी पुण्याची आणि मॅट्रिक, तेव्हा दोघींत शहाणी मी, हे आम्ही दोघींनी न बोलता मान्य करून टाकलं होतं.

कंपनीने नोकरदारांच्या बायकांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग काढला. दर मंगळवारी सकाळी, सहा धडे आणि मग परीक्षा. शिकवायला एक उंच, कडक इंग्रज नर्स होती. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना मी हिंदीत समजावून सांगायची, आणि त्यामुळे नर्सबाईंच्या खालोखाल मीच, असा माझा ताठा. भाभींचे यजमान कंपनीत नव्हते, त्यामुळे भाभींना तिथं प्रवेश नव्हता. मग दर मंगळवारी दुपारी चौकात माझा वर्ग भरायचा. भाभी तांदूळ निवडत ऐकायच्या, मधेच त्यांच्या एखाद्या पोराला ओढून त्याच्या हातावर बँडेज बांधून बघायच्या. त्यांची गाठ माझ्यापेक्षा चांगली बसायची आणि मला ते आवडायचं नाही.

पाचवा धडा विषाचा होता. नर्सबाईंनी सांगितलं, पोटात विष गेलं की कोमट पाण्यात भरपूर मीठ घालून पाजायचं आणि ओकारी काढायची. हल्ली हे मिठाचं पाणी मुळीच पाजू नका म्हणतात, पण तेव्हा तसं शिकवत. मग त्यांनी आवाज चढवून सांगितलं की ॲसिड, रॉकेल, पेट्रोल पोटात गेलं असेल तर ओकारी अजिबात काढायची नाही. ॲसिड वर येताना दुसऱ्यांदा भाजतं आणि रॉकेल ओकताना छातीत उतरतं. मी वहीत 'काढायची' आणि 'काढायची नाही' असे दोन रकाने केले आणि उजव्या रकान्याखाली दोनदा रेघ मारली. अक्षर सुरेख आलं होतं.

दुपारी भाभी म्हणाल्या, "वयनी, वयीत लिवलाव ता सगला वाचा ना."

उकडत होतं, मुलगा किरकिर करत होता, आणि भाभी एकेका गोष्टीवर चार चार प्रश्न विचारत. मी वही मिटली. म्हणाले, "भाभी, एवढं सगळं तुमच्या काही लक्षात राहायचं नाही. तुम्ही आपलं एकच धरा. विष गेलं की मिठाचं पाणी."

"सगल्या विषाला ह्याच?"

"हो. सगळ्याला."

भाभींनी मान हलवली. पुढे दोन दिवस त्या येताजाता मला ते म्हणून दाखवत होत्या.

परीक्षेच्या दिवशी मुलाला भाभींकडे ठेवून मी गेले. घाईत स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं राहिलं. स्टोव्हशेजारी जमिनीवर रॉकेलची बाटली होती, सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरलेली. परीक्षेत मी पहिली आले. नर्सबाईंनी हात हातात घेऊन प्रमाणपत्र दिलं आणि मी हवेत चालत घरी आले.

गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता, घरोघरच्या टाक्या भरणारा. चौकात पाऊल टाकलं तर भाभी मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या, दोघंही भिजलेली. पुढ्यात पितळेची वाटी आणि मिठाची बरणी. मला बघून भाभी जरा अभिमानानंच म्हणाल्या, "घाबरू नका वयनी. मी टाकीजवल पाईप धरून होते, तवर ह्यान तुमच्या बाटलीतला रॉकेल पिलान. घोटभरच. मी लगेच मिठाचा पानी पाजलां. दोनदा ओकला. सगला भायेर आला."

वहीतली ती दोन रेघांची ओळ मला लख्ख दिसली. मुलगा खोकत होता, आणि खोकल्यामधला प्रत्येक श्वास घाईघाईने, वरच्या वर घेत होता. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांभोवती निळसर दिसत होतं. मी हाक मारली तर त्यानं डोळे उघडले आणि परत मिटले. तोंडाला रॉकेलचा वास.

"चूक केलांय काय मी?" भाभींनी विचारलं. मी मूल उचललं आणि रस्त्याकडे पळाले.

टँकरच्या ड्रायव्हरशी अरबीत बोलल्या त्या भाभी. त्यांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, त्यानं नळी तशीच टाकून दिली आणि आम्हाला पुढे चढवलं. भाभींच्या पायात चपला नव्हत्या. उन्हानं रस्ता तव्यासारखा तापलेला. गाडी भरलेली, जड, रडत चालली होती आणि मी ओरडत होते, लवकर, लवकर, मराठीतच.

सगळ्या वाटेत मी सहा धडे आठवत होते. जखम, भाजणं, मोडलेलं हाड, बुडालेला माणूस. छातीत रॉकेल उतरलेल्या मुलासाठी एक ओळ सापडेना. मी त्याला आडवं धरलं, मग उभं धरलं, मग परत आडवं. त्याच्या बरगड्यांच्या मधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मी ते श्वास मोजायला लागले आणि आकडा चुकला तशी रडायला लागले. कुवेतमध्ये यजमानांखेरीज माझं कुणी नव्हतं. देवाला म्हणाले, माझं शहाणपण घे, अक्षर घे, वाटेल ते घे, पण हा श्वास चालू ठेव. मुठीत प्रमाणपत्र होतं, ते घामानं भिजून गेलं होतं, आणि ते टाकून द्यायचंही मला सुचत नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरांनी मुलाला माझ्या हातून घेतलं. छातीला स्टेथोस्कोप लावला आणि इंग्रजीत विचारलं, "ओकारी कुणी काढली?"

मी भाभींकडे बोट केलं.

खोटं काहीच नव्हतं त्यात. ओकारी त्यांनीच काढली होती. डॉक्टर त्यांच्याकडे वळले आणि अरबीत बोलू लागले, भरभर आणि फार रागानं. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. भाभींना सगळे कळले. त्या अनवाणी उभ्या होत्या, मान खाली, एकदाच त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "हिनंच शिकवलं" एवढं म्हणण्यापुरतं अरबी त्यांच्याकडे नक्की होतं. त्या काही बोलल्या नाहीत.

चार दिवस मुलगा प्राणवायूच्या तंबूत होता. ताप उतरत नव्हता. त्या पारदर्शक कापडाबाहेर बसून मी त्याची छाती वरखाली होताना बघत असे, आणि डोळा लागला तर ती थांबेल अशी माझी खात्री होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे, आम्ही प्रयत्न करतोय. तिसऱ्या दिवशी ते काहीच म्हणाले नाहीत. मी यजमानांच्या तोंडाकडे बघायचं सोडून दिलं. ते म्हणत होते, "त्या बाईच्या ताब्यात पोर दिलंसच कशाला? अडाणी ती अडाणीच." वहीतल्या त्या ओळीचं मी नावही काढलं नाही.

भाभी रोज यायच्या. आत यायला धजत नसत. दाराबाहेर भिंतीला टेकून बसायच्या, ओठ हलत असायचे. तांदळाच्या भाकऱ्या बांधून आणत आणि माझ्याजवळ न देता नर्सकडे देत. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येत होता. त्यांनी भांडायला हवं होतं, चारचौघांत माझं नाव घ्यायला हवं होतं, म्हणजे मी सुटले असते. मूल गेलं तर हे घेऊन मी कशी जगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मुलानं पाणी मागितलं. ताप उतरला होता. मी दाराकडे धावले, भाभी त्या दिवशी अजून आल्या नव्हत्या.

त्याला घरी आणल्यावर आठवडाभर भाभींचं दार लोटलेलं राहिलं. मी चौकात रेंगाळायचे आणि परत फिरायचे. माफी मागायची तर कोणत्या शब्दांत, ते ठरत नव्हतं. मंगळवारी दुपारी त्याच आल्या. हातात थोरल्या मुलाची शाळेची वही आणि पेन्सिल. आधी मुलाच्या छातीवर हात ठेवून बघितलं, मग माझ्यासमोर बसल्या.

"लिवून द्या वयनी. कशाला ओकारी काढायची, कशाला नाय. मोठ्या अक्षरात. माज्या घरात चार पोरां हायत."

मी लिहिलं. दोन रकाने. अक्षर वाईट आलं. भाभींनी वही घेतली आणि प्रत्येक ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचली. रॉकेलच्या ओळीवर थांबल्या. ती परत वाचली.

"ह्या तुमाला तवा ठाव होतां?"

"होतं," मी म्हणाले. "वहीत लिहिलेलं होतं."

भाभींनी पहिल्यापासून सगळं परत वाचलं, वही पालथी घातली आणि न बघता दोन्ही रकाने मला म्हणून दाखवले. एकही शब्द चुकला नाही.

"राहतां माज्या लक्षात," म्हणाल्या आणि उठल्या.