अध्यक्षांनी काठ आवरला

माझ्या थोरल्या भावाला सगळे फूटपट्टी म्हणतात, आणि कौतुकाने नाही बरं. शेतातली सरी बोटभर वाकडी गेली तर त्याला जेवण जात नाही. बोलता बोलता उठून पाहुण्यांच्या चपला सरळ लावेल. अशा माणसाला ओढ्याकाठी रान वाढवायच्या समितीचा अध्यक्ष केला आम्ही! अकलेचं दिवाळं निघालं होतं, दुसरं काय.

योजना सोपी होती. ओढ्याकाठच्या बावीस शेतकऱ्यांनी काठालगतची दहा पावलं जमीन नांगरायची नाही, कापायची नाही. खताचं पाणी त्या गवतातच अडेल, पाखरांनाही थारा मिळेल. ओढ्याच्या शेवटी माझी विहीर. तिचं पाणी नातीला अजिबात देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून दारोदार फिरून सह्या मीच आणल्या. अध्यक्ष मात्र दादा, कारण त्याचं अक्षर चांगलं.

तीन वर्षं त्याने कसाबसा दम धरला. गवत कमरेला लागलं, त्यात तितरांनी अंडी घातली, आणि माझ्या विहिरीचं पाणी तपासणीत पास झालं. मी तर रडलेच. आता तपासणीच्या बाई काठ बघून गेल्या की सोडलेल्या जमिनीच्या भरपाईला पुढची मंजुरी मिळणार होती.

बाईंना घेऊन सकाळी ओढ्यावर गेले आणि बघते तर काय! सगळ्यांना कामाला लावून दादाने आदल्या दिवशी दोन्ही काठ भुईसपाट केले होते. वर दगडांना चुना!

“पाहुणे यायचे म्हटल्यावर आवरायला नको?” तो म्हणाला. “एवढा पसारा बघून नावं ठेवली असती आपल्याला.”

बाईंनी वाकून फुटलेली अंडी पाहिली.

“पसाराच बघायला आले होते मी,” त्या म्हणाल्या. “नियमांच्या कागदावर तुमचंच अक्षर आहे ना?”

“हो, कसं वाटलं?”

मंजुरी गेली. पेरणीला बावीसही जणांनी थेट काठापर्यंत नांगर घातला. सगळ्यांत आधी दादाने, अगदी सरळ रेषेत. विहिरीचं पाणी पुन्हा तपासणीत नापास झालं.

परवा तो घरी आला. मी मुद्दाम विहिरीच्या पाण्याचा ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला. त्याने ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तहान नाही गं मला.”

“मला लागलीय,” म्हणत नातीने ग्लास उचलला, आणि दादाने झडप घालून तो तिच्या हातातून हिसकावला.