कौल उजवा पडेपर्यंत

नातवंडांनो, तुमच्या तिकडच्या डॉक्टरांच्या फॉर्मवर प्रश्न आहे, घराण्यात पूर्वी कुणाला वेड लागलं होतं का. तुमच्या आईने तो मला कळवला आणि पुढे लिहिलं, "आपल्याकडे कुणी नव्हतं ना?" होतं. मीच होते, एक पावसाळाभर. हे सांगणारं दुसरं कुणी आता उरलं नाही, म्हणून लिहिते.

एकोणीसशे तीसच्या सुमारास लग्न होऊन मी रेवदंड्याजवळच्या घरी आले, तेव्हा मॅट्रिक झाले होते. तुमचे आजोबा मुंबईत नोकरीला. त्यांना तिथे खोली मिळाली तोवर पावसाळा लागला आणि आगबोटी बंद झाल्या. आता मला न्यायचं ते नारळी पौर्णिमेनंतर. घरात सासूबाई आणि मी. इंग्रजी पुस्तक एकही नाही. विसरेन या धास्तीने मी जात्यावर बसले की पुटपुटायची: गो, वेंट, गॉन. कम, केम, कम. क्रमाने, एकही न गाळता.

शेजारच्या काकूंनी ते ऐकलं. "अगो, तुझी सून रिकाम्या घरात साहेबाशी बोलते!" खाडीत पूर्वी कुणी गोरा बुडाला होता म्हणत. त्याने मला धरलं, असं दोन दिवसांत ठरलं.

सासूबाई स्वतः रोज तिन्हीसांजेला ओटीवर बसून वारलेल्या मामंजींशी बोलत. नारळ किती उतरले, गाय किती दूध देते, सगळं सांगत. मला त्याच वेड्या वाटत. पण त्या मराठीत बोलत, म्हणून कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

देवीला कौल लावला. गुरव तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न होता: सून शुद्धीवर आहे का, तिला मुंबईस पाठवावी का. डावी पडली. मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "समई डाव्या बाजूला आहे. तिच्या उबेने तिकडची पाकळी आधी सुकते."

गुरव सासूबाईंकडे वळला. "ऐकलंत? ह्या वैनी बोलत न्हाय. त्यो बोलतोय."

"देवीला शिकवायला निघाली!" काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून अंगणाबाहेर पाऊल नाही. विहिरीवर सोबत, परसात सोबत. माझी पत्रं "बरी झालीस की पाठवू" म्हणून फडताळात राहत. मी बरी आहे म्हटलं, की काकू म्हणत, "सगळी वेडी हेच म्हणतात." रडले तर तो रडवतो, हसले तर तो हसवतो. शेवटी मी बोलणंच सोडलं. क्रियापदं मनातल्या मनात म्हणायची, ओठ मिटून. एकदा मलाच शंका आली, खरंच आत कुणी बसलं आहे का? तो दिवस सगळ्यांत वाईट.

श्रावणात आजोबांचं पत्र आलं, न्यायला येतो. सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा कौल लावू. देवी नाही म्हणाली तर मी पाठवायची नाही."

गुरवाने पाकळ्या लावायला घेतल्या, तशा सासूबाई पुढे झाल्या. "थांब रे जरा. दिवा इकडे घेते. म्हातारे डोळे, मला दिसत नाही." समई उचलून त्यांनी उजव्या बाजूला ठेवली, वात पुढे सारली आणि मागे येऊन हात जोडले. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

उजवी पडली.

"सुटली गो बाई!" काकूंनी माझ्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. सासूबाई रडल्या. त्या खरंच रडत होत्या. त्यांनी माझं ऐकलं होतं की देवीचं, हे विचारायचं मी बंदरावर जाईपर्यंत घोकत होते. तिथे त्याच म्हणाल्या, "बोलायचंच झालं तर नवऱ्याशी बोल, भिंतींशी नको. जा आता." विचारायचं राहिलं.

ते घर पडलं. सासूबाईंचा फोटो कुणी काढलाच नाही. एकटी असताना ओठ मिटून ठेवायची माझी सवय मात्र अजून आहे.