बिनखुणेचे लंगोट

बोरी नदीच्या डोहातले पाणी संपले. मावशींनी घाटावरचा धुण्याचा दगड पालथा घातला आणि दुसऱ्या दिवशी त्या तलावाच्या कामावर आल्या.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट आहे. तुळजापूर आणि नळदुर्ग यांच्यामध्ये आमचे गाव. गावाबाहेर पाझर तलावाचे काम निघाले होते. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि तिथे हजेरी घेत होतो. मावशी गावच्या परटीण. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही. त्यांच्या सख्ख्या बहिणीची लेकरे गावात नव्हती, तरी सगळे गाव त्यांना मावशीच म्हणे. खडी फोडणे त्यांच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून मुकादमाने त्यांना लेकरांच्या मांडवात बसवले. मांडव म्हणजे चार बांबूंवर ताणलेली ताडपत्री. बाया माती वाहायच्या आणि त्यांची तान्ही पोरे तिथे ताडपत्रीच्या सावलीत निजायची.

मावशींची एक सवय होती. वाळलेले कुठलेही कापड हातात आले की घडी घालण्याआधी त्या ते गालाला लावत. क्षणभर डोळे मिटत. मग म्हणत, "गालाला टोचलं तर बुडाला टोचंल." धोतर असो की उशीचा अभ्रा, वाक्य तेच. आम्ही हसायचो. त्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसत नसे.

तुम्ही त्या दिवसांतली मूल असलेली बाई पाहिली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. टँकरचे पाणी प्यायलाच पुरत नव्हते, ते लेकराच्या फडक्यांना कोण वापरणार? बाया घरातल्या चिंध्या आणत, पोराखाली घालत आणि घाण झाली की बाभळीच्या बनात फेकून देत. काट्यांना लटकलेल्या त्या चिंध्या लांबून पांढऱ्या पाखरांसारख्या दिसत. पण कापडाचाही दुष्काळ असतो. हळूहळू घराघरातल्या चिंध्या संपल्या. मग कुणी पोत्याचा तुकडा आणला, कुणी काहीच आणले नाही. पोरांच्या मांड्या सोलल्या. मांडवातले रडणे बंधाऱ्यावर ऐकू जाई आणि पाटी डोक्यावर घेतलेली बाई मधेच थांबे. थांबली की मुकादम ओरडे.

मावशींनी चार दिवस हे पाहिले. पाचव्या दिवशी त्या काखेत एक गाठोडे घेऊन आल्या. त्यात त्यांच्या नवऱ्याचा पटका होता. पांढरा, धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला. मांडवात बसून त्यांनी तो टराटरा फाडला, तुकडे तिकोनी दुमडले आणि सुई-दोऱ्याने बंद लावले.

"मावशी, डोक्यावरचा पटका लेकरांच्या बुडाखाली?" एक म्हातारा म्हणाला.

"डोस्कं गेलं की रं बाबा," त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "पटक्याला काय करू? त्यो वाट बघत बसंल व्हय पेटीत?"

पटका पुरला नाही तेव्हा त्यांच्या स्वतःच्या दोन लुगड्यांचा नंबर लागला. घरात इतरांचे कपडे पडून होते. दुष्काळाने गाव सोडून गेलेल्यांचे, धुऊन घडी केलेले. त्या कपड्यांना मावशींनी हात लावला नाही. परटाच्या घरातले दुसऱ्याचे कापड ही ठेव असते.

मग बायांना सांगितले, "आता फेकायचं न्हाय. घाण झालेलं मला द्या. म्या हाय."

"आन् पाणी, मावशी?"

"पाणी म्या तुमास्नी मागितलं का?"

पाण्याशिवाय धुणे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पाण्याशिवाय म्हणणेही बरोबर नाही. पाणी होते, पण ते आम्हाला पाणी वाटत नव्हते. जेवणाच्या सुट्टीत बाया हात धुवायच्या तिथे त्यांनी पत्र्याचा डबा ठेवला. त्यात जमलेले पाणी गाळून घ्यायचे. लंगोट आधी उन्हात कडक वाळवायचे, झटकायचे, काठीने झोडायचे. ओढ्याच्या काठी पांढरी खारी माती फुटे, ती खरवडून पाण्यात कालवायची आणि त्यात ते बुचकळायचे. तीन दगडांवर तांब्याचा हंडा, तळाला थोडेसे पाणी, तोंडाशी लंगोटांची गोल उतरंड, वरून जाड गोधडी आणि खाली बाभळीच्या काटक्या. पाणी उकळे आणि वाफ त्या उतरंडीतून वर चढे. परटाची भट्टी हीच. आम्ही सगळे तिच्याजवळून जन्मभर गेलो होतो, पण कधी थांबून पाहिली नव्हती.

गोधडी उचलली की वाफेचा लोट येई. त्यात मावशी दिसेनाशा होत. आणि मग त्या वाफेतून त्यांचा हात बाहेर येई, हातात पांढरेशुभ्र लंगोट. कोरड्या, तडकलेल्या त्या माळावर एवढे पांढरे दुसरे काही नव्हते. खडी फोडणारी माणसे हातोडा थांबवून बघत. मीही बघे. माझ्या पिशवीत कायम एखादे पुस्तक असे, म्हणून त्या मला मास्तर म्हणत. एकदा म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पुस्तकातली लेकरं मुतत न्हायती व्हय?"

मी शोधून पाहिले. खरेच, नव्हती.

पोरांच्या मांड्या भरून आल्या. रडणे कमी झाले. आणि ते कमी झाल्यावर बायांना दुसऱ्या गोष्टी सुचू लागल्या.

दुष्काळाने सगळ्यांना एका बंधाऱ्यावर आणले होते. पाटलांच्या भावकीतली शेवंता होती, तिने याआधी कधी दुसऱ्याच्या कामावर पाऊल टाकले नव्हते. बौद्ध वस्तीतली रत्नमाला होती, तिची मुलगी मांडवातली सगळ्यांत लहान. एके दिवशी शेवंता मांडवात येऊन, रत्नमाला ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, माझ्या पोराचं लंगोट येगळं ठिवा. कुणाचं कुणाला लावू नगा."

रत्नमालाने मुलीला पाजता पाजता पदर सारखा केला. 

मावशींना राग आला, पण तो वेगळाच. "तीन पिढ्या गावाचं धुणं धुतलं. एकाचं धोतर दुसऱ्याच्या घरी गेलंय का कवा? मला शिकवतीस व्हय?" आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून बिब्बा आणि सुई काढली.

परटाची खूण तुम्ही पाहिली असेल. बिब्ब्याच्या रसात सुई बुडवून कापडाच्या कोपऱ्यावर ठिपके काढतात, वरून चुना लावतात. तो काळा डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. मावशींनी प्रत्येक लंगोटावर खूण केली. शेवंताच्या पोराला फुली, रत्नमालाच्या मुलीला एक ठिपका, असे करत सगळ्यांना. त्या दिवशी त्या ताठ बसल्या होत्या. बऱ्याच महिन्यांनी हाताला आपले काम मिळाले होते.

ज्यांनी अंगावर बिब्बा उतून फोड आलेला पाहिला आहे त्यांच्या आतापर्यंत ध्यानात आले असेल. आमच्या आले नाही.

मांडवातल्या सगळ्यांत कोवळ्या कातडीवर, रत्नमालाच्या मुलीच्या मांडीवर, फोड आले. पाण्याने भरलेले, लालबुंद कडांचे. कुणीतरी म्हणाले, "देवी आल्या." त्या शब्दासरशी मांडव रिकामा झाला. बायांनी आपापली पोरे उचलली आणि उन्हात, खडीच्या ढिगांच्या आडोशाला नेऊन ठेवली. मुकादम म्हणाला, रत्नमालाने मुलीला घेऊन घरी बसावे आणि मांडव मोडून टाकावा. रत्नमालाच्या घरात तिच्याशिवाय कामावर येणारे कुणी नव्हते. नवरा पुण्याकडे कामाला गेला होता आणि त्याची काही खबर नव्हती. ती मुलीला पोटाशी धरून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "नाव कमी करू नका, सर. दोन दिवस थांबा." मी मुकादमाकडून दोन दिवस मागून घेतले.

मावशींनी त्या मुलीला मांडीवर घेतले आणि बराच वेळ त्या फोडांकडे पाहिले. मग लंगोट उलटून पाहिला. फोड ठिपक्याच्या जागीच, त्याच्याभोवती होते.  तो लंगोट त्यांनी ओला केला, घडी घातली आणि खुणेची बाजू आत करून स्वतःच्या डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या मऊ जागी, करकचून बांधला. वरून पदर घेतला.

दोन दिवस त्या तशाच रिकाम्या मांडवात बसून होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी हजेरी घ्यायला उभा राहिलो तेव्हा त्या रांगेसमोर आल्या आणि हाताचे फडके सोडले. कातडी सुजून लाल झाली होती आणि मधोमध, ठिपका होता तिथे, तसाच फोड.

"बघा गं," त्या म्हणाल्या. "ह्यो देवीचा कोप न्हाय. ह्यो माझा हात हाय. मोठ्या माणसाच्या धोतराला खूण चालती, लेकराच्या वल्ल्या अंगाला चालत न्हाय. एवढं मला कळाया पायजे हुतं."

रांगेतल्या बाया पुढे वाकून तो हात पाहू लागल्या. 

त्यांनी कात्री काढली. प्रत्येक लंगोटाचा खुणेचा कोपरा कापला आणि ते कोपरे चुलीत टाकले. बिब्ब्याची पिशवीही टाकली. ती तडतडत पेटली, तसे सगळे धुरापासून मागे सरकले. मग सगळे लंगोट एकावर एक रचून म्हणाल्या, "आजपासून खूण न्हाय. ढीग एकच. ज्याला पटंल त्यानं लेकरू ठिवावं. न्हाय पटलं तर माझं काय म्हणणं न्हाय."

पहिली पुढे झाली रत्नमाला. जिची मुलगी भाजली होती, तीच. तिने मुलीला मांडवात ठेवले आणि पाटी उचलून बंधाऱ्यावर गेली.

दुपारपर्यंत उन्ह असह्य झाले. एकेक करत पोरे परत आली. शेवंता सर्वांत शेवटी आली. तिच्या पोराचा घसा रडून बसला होता. मावशींनी ढिगातला वरचा लंगोट घेतला, गालाला लावला, डोळे मिटले आणि पोराला बांधला. शेवंता खाली बघत उभी होती.

मागून कुणीतरी चिडवले, "पाटलाच्या पोराला कुणाचा लंगोट आला गं?"

रत्नमाला पाटी टेकवत म्हणाली, "मावशींच्या नवऱ्याचा."

आधी मावशी हसल्या. मग शेवंताला हसू आवरेना. मग हसण्याची ती लाट बंधाऱ्यावर चढली आणि मुकादमालाही, कशाला हसतात हे न कळता, हसू आले.

पुढे पाऊस झाला. काम संपले. मावशींनी घाटावरचा दगड सरळ केला. मला धाराशिवला ग्रंथालयात नोकरी मिळाली. आमच्या भागात सोसायट्या निघाल्या, दूध संघ निघाले, व्यासपीठावरून सहकारावर भाषणे झाली. मी ती मागच्या रांगेत बसून ऐकली. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर ताडपत्रीखालचा तो पांढरा ढीग येई आणि भाषणातले पुढचे ऐकायचे राहून जाई.

माझ्या थोरल्या मुलीच्या बारशाला मावशी एसटीने आल्या. पाळण्यापाशी बसून त्यांनी गाठोडे सोडले आणि एकेक लंगोट गालाला लावून माझ्या पत्नीच्या हातात दिला. पदर सरकला तेव्हा कोपराच्या आतला काळपट वण दिसला. मी त्याकडे पाहतो आहे हे त्यांनी ओळखले.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "आता तरी लिवा की पुस्तकात. लेकरं मुततात म्हणून."

या वैशाखात त्या गेल्या. मी पोचलो तेव्हा घरापुढे गर्दी होती. शेवंता आत बायांत बसली होती. तिरडीवर घालायचे कापड कुणीतरी दुकानातून आणले होते, नवे, खळीने कडक. रत्नमाला पुढे झाली आणि ते तिने हातात घेतले. गालाला लावून पाहिले. मग बाजूला ठेवून दिले आणि घरी जाऊन आपले धुतलेले जुने लुगडे घेऊन आली. तिरडीवर तेच घातले.

तलाव आता गाळाने भरला आहे. मांडवाच्या जागी बाभळी आहेत. घाटावर दुसरे कुणी धूत नाही. बारशाच्या त्या लंगोटांपैकी एक माझ्याकडे आहे. त्याचा एक कोपरा कापलेला आहे.