हाळीला जवाब

जंगलात एकट्या अडकलेल्या माणसाचे सिनेमे मी सगळे बघतो आणि प्रत्येकाला शिव्या घालतो. बायको म्हणते, मग बघता कशाला? बघतो, कारण असल्या सिनेमांनी माझा साडू घडवला आणि साडूने माझा पाय मोडला.

शहाद्याला त्याचं मोबाइलचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की तो हेच सिनेमे बघत बसायचा. मग त्याने होकायंत्रवालं घड्याळ मागवलं, चकमक मागवली, मांडीला बांधायचा सुरा मागवला. एका उन्हाळ्यात, तळोद्याच्या वर सातपुड्यात पायी हिंडू म्हणून माझ्या मागेच लागला. जीपवाल्याने पायवाट दाखवली होती, पण पायवाटेने जाणं याला कमीपणाचं वाटलं. थोड्याच वेळात एका घळीत मी घसरलो आणि माझी नडगी मोडली.

सिनेमात अशा वेळी जखमी मित्र म्हणतो, 'तू जा, मला सोड.' नायक रडतो आणि जातो. मी असलं काही म्हटलं नव्हतं. मी म्हणत होतो, इथेच बसा आणि जोरात ओरडा.

"तुम्ही आठेच पडी ऱ्हावा, मी माणसं लई येस," साडू म्हणाला आणि माणसं आणायला उठला.

मी पाण्याची बाटली मागितली.

"मन्हापाशी ऱ्हाऊ द्या, माले चालनं शे."

आणि तो नाल्याच्या उताराने निघून गेला. वाहतं पाणी माणसांपर्यंत नेतं, असं त्याने पडद्यावर पाहिलं होतं. इकडे घरं नाल्यात नसतात, वर टेकड्यांवर ज्याच्या त्याच्या शेतात असतात.

एकटेपणात काय होतं ते मी सांगतो. देव आठवत नाही. सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून सरकतं म्हणतात, तसलंही काही होत नाही. मुंगळे चावतात, लघवी लागते, जीभ टाळूला चिकटते. मला तर सारखा साडूच आठवत होता आणि त्याच्या हातातली ती निळी बाटली. शेवटी संतापून मी त्याच्या नावाने एक शिवी हासडली, अगदी बेंबीच्या देठापासून.

वरून कुणीतरी लांबलचक 'हूऽऽ' केलं. पलीकडच्या टेकडीवरून दुसरं आलं, त्याच्याही पलीकडून तिसरं. मोहाची फुलं वेचणारी एक बाई टोपली घेऊन खाली उतरली आणि तिने मला भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी पाजलं. मागोमाग माणसं आली. बांबूला झोळी बांधून त्यांनी मला रस्त्यापर्यंत नेलं. वाटेत बाई सांगत होती, आमच्याकडे हाळी ऐकली की आधी जवाब द्यायचा, कोण आहे ते मग विचारायचं. जवाब न देणारा एक तर मेलेला, नाहीतर वैरी.

साडूसाठीही त्या लोकांनी संध्याकाळपर्यंत हाळ्या दिल्या. तो दुसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीत सापडला. कसलासा पाला खाऊन त्याचं पोट बिघडलं होतं. दवाखान्यात माझ्या खाटेशी बसून त्यानेच मला हळूच सांगितलं, की हाळ्या ऐकू येत होत्या. पण सिनेमात जंगलातली माणसं ओरडत येतात ती मारायलाच, म्हणून हा श्वास रोखून आडवा पडून राहिला.

इथवरचं मी गिळलंही असतं. पण पुढे लग्नाकार्यांतून त्याची कथा सुरू झाली. 'दोन दिवस माणसाचा आवाज नाही, आणि साडूभाऊंना मीच वाचवलं,' असं तो सांगायचा. सासुरवाडीला त्याला पहिल्या पंगतीत मानाने बसवायचे आणि मला लंगडत जाऊन त्याचे आभार मानायला लावायचे. एकदा माझी मुलगी त्याच्या पाया पडली. 'काका नसते तर पप्पा नसते,' म्हणाली. क्षमा मोठ्या मनाच्या माणसांनी करावी, माझ्या नडगीत सळई आहे. उट्टं काढायचं, आणि तेही चारचौघांत, मुलीच्या देखत, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

मग लोणखेड्याच्या एका कॉलेजात त्याचं भाषण ठरलं. पुरावा म्हणून त्याने मलाच व्यासपीठावर बसवलं. मुलगी पुढच्या रांगेत होती. मागच्या बाकांवर डोंगरातल्या गावांची, वसतिगृहात राहणारी पोरं-पोरी होती. 'माणसाचा आवाज नाही' हे वाक्य आलं तसा मी उठलो, तोंडाला हात लावले आणि ओरडलो, हूऽऽ!

प्राचार्य दचकले. पण मागून लगेच जवाब आला. आधी एका पोरीचा, मग दुसरीचा, मग सगळी मागची बाजूच हसत उठली. साडूच्या तोंडचं पाणी पळालं.

"त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हाच आवाज घुमत होता," मी म्हणालो. "यांनी तो ऐकला आणि हे जाळीत लपून बसले. माझं पाणीही घेऊन गेले होते."

मग त्या पहिल्या पोरीला विचारलं, "हाळीला जवाब न देणारा कोण असतो गं?"

"मेलेला, सर," ती म्हणाली. "नाहीतर वैरी."

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, साडूकडे बघत होती. मीही वळलो.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "तुम्ही तर जित्ता व्हतात."